बेसला कुठलं मशीन लावायचं? सोलापूरच्या उन्हात, गुलालात आणि जनरेटरवर चालवलेल्या अँपचा रिव्ह्यू

गणपती दीड-दोन महिन्यांवर आले की फोन सुरू होतात. "दादा, डबल अठराचे चार बॉक्स केलेत, मशीन कुठलं लावू?" (डबल अठरा म्हणजे एका बॉक्समध्ये अठरा इंची दोन स्पीकर, आणि मशीन म्हणजे अँप, स्पीकरला पावर देणारा डबा.) मी विचारतो आत स्पीकर कुठला टाकलाय, केबल किती लांब जाणार, लाइट जनरेटरची का मंडळाच्या मीटरची, तर पलीकडून एकच, "ते असू द्या ओ, कितीचं घेऊ ते सांगा, दहा हजार वॅट का चौदा हजार?" प्रत्येकाला तेच ते सांगून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून टाकतोय, आता फोन आला की हेच पाठवणार.

आधी माझं काम कसलं ते सांगतो म्हणजे कुणी उगाच वाद घालायला नको. सोलापुरात भाड्यानं साउंड देतो, मध्यम काम, लॉनवरची रिसेप्शनं, गॅदरिंग, राजकीय सभा, आणि सीझनला मिरवणुका. लाइन ॲरे घेऊन स्टेडियम करणारे मोठे लोक वेगळे, त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाय. इथं जे लिहिलंय ते ज्यांच्याकडं दोन ते आठ बेस बॉक्स आहेत, गाडी टेम्पो आहे, आणि मशीन बंद पडलं तर दुसऱ्या दिवशीची सुपारी हातातून जाते अशांसाठी.

माझं म्हणणं एवढंच की टॉपला, म्हणजे वरच्या पट्टीच्या स्पीकरला, कुठलंही बरं अँप चालून जातं, बेसचं अँप म्हणजे त्याचा पावर सप्लाय, लाइट घेऊन आत ताकद पुरवणारा भाग. बाकी पुढचं पॅनल, निळे एलईडी, डिस्प्ले, सगळी सजावट. आणि सोलापुरात त्याला अजून एक अट जोडायची, ते बिघडलं तर इथल्या इथं दुरुस्त झालं पाहिजे, कारण पुणे अडीचशे किलोमीटर आणि हैदराबाद तीनशे, आणि मिरवणूक काय तुमच्या कुरिअरसाठी थांबत नाही.

सप्लाय सप्लाय का करतोय ते जरा ऐका. अँपच्या डब्यावर जो वॅटचा आकडा असतो तो किती हर्ट्झला (सेकंदाला किती लाटा) आणि किती वेळ मोजलाय ते कोण बघतच नाही. बऱ्याच ठिकाणी तो १ किलोहर्ट्झला मोजलेला असतो, आणि काही ठिकाणी तर फक्त २० मिलिसेकंदाच्या बर्स्टवर, म्हणजे एका झटक्यावर. आता तुमचा बेस वाजतो ४०-५० हर्ट्झला. ४० हर्ट्झची एक लाट पुरी व्हायलाच २५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे ज्या बर्स्टवर आकडा छापला तो बर्स्ट बेसची एक लाट संपायच्या आधीच संपलेला असतो! आणि आपल्याकडं डीजेचा ड्रॉप पडला की बेस दोन-दोन तीन-तीन सेकंद नुसता धरून ठेवतात, त्यावेळी कॅपॅसिटरमध्ये साठलेलं सगळं पहिल्या झटक्यात निघून जातं आणि मग सप्लाय मागून जेवढं देऊ शकतो तेवढंच वाजतं. पहिला ठोका छातीत बसतो आणि मग बेस फुगा फुटल्यासारखा बसतो ना, ते हेच.

दुसरं म्हणजे वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डीबी (आवाजाचं माप). १८०० चं ३६०० केलं तर पब्लिकला "जरा वाढवलं वाटतं" एवढंच कळतं, वर स्पीकरची कॉईल जळायची भीती. त्यापेक्षा तसलेच बॉक्स दोनाचे चार करून शेजारी शेजारी लावले आणि प्रत्येकाला आधीएवढीच पावर दिली तर ६ डीबीच्या आसपास मिळतात. त्यामुळं मशीनला जास्त पैसे घालायच्या आधी बॉक्स मोजा.

आता मशीन. जुनं जड, हलकं ब्रँडेड आणि कॉपी, तिन्ही प्रकारची वापरलीत, तिन्हीवर बोलतो.

पहिलं क्यूएससीचं आरएमएक्स ५०५०. जुना गडी. तीन यू (रॅकच्या खणाचं माप) उंची, आत हे एवढा मोठा ट्रान्सफॉर्मर, क्लास एच जातीचं सर्किट, उचलायला दोघं लागतात आणि टेम्पोत चढवताना पोरं शिव्या देतात. ओम म्हणजे स्पीकरचा अडथळा, ८ ओमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की ४ ओम होतो, आणि ओम कमी तेवढा मशीनवर ताण जास्त. कंपनीचा आकडा ८ ओमला चॅनलला ११०० वॅट, ४ ओमला १८००, २ ओमला २५००. त्यातला २ ओमचा आकडा परत १ किलोहर्ट्झचाच आहे, म्हणून मी हे मशीन बेसला ४ ओमच्या खाली नेत नाही, एका चॅनलला एक डबल अठरा, बास. लोक एका चॅनलला दोन डबल अठरा लटकवतात, २ ओम होतो, वाजतं पण, फेब्रुवारीतल्या शिवजयंतीला रात्रीच्या गार हवेत वाजतंच, पण एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या मिरवणुकीला दिवसा ४० च्या वर तापमान असताना तेच मशीन तासाभरात प्रोटेक्शनला जातं, म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद होतं, आणि मग "क्यूएससीत दम नाही" म्हणून बोंबलतात. दम तुमच्या जोडणीत नाही ओ.

याचं मला आवडतं ते म्हणजे ड्रॉप धरला तरी बसत नाही. मागं छोटे स्विच आहेत, त्यात क्लिप लिमिटर (आवाज फाटायला लागला की पकडणारा) चालू ठेवायचा आणि लो फिल्टर (खालचं कापणारा) ३० हर्ट्झवर. ५० चाही पर्याय आहे, तो बेसला लावला तर बेसचा जीवच जातो, सेकंडहँड मशीन घेतलं की पहिल्यांदा हे स्विच बघा, बऱ्याचदा आधीच्या मालकानं काहीतरी भलतंच करून ठेवलेलं असतं. पोर्टवाल्या, म्हणजे हवेचं भोक ठेवलेल्या, बॉक्सला ३० च्या खाली काही पाठवायचंच नाही, तिथं बॉक्सच्या हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलतो, आवाज तर येतच नाही पण स्पायडर (कोनला मागून धरणारी जाळी) फाटतो.

याचा तोटा एक आहे, लाइट कमी झाली की पावर कमी होते, कारण आतला सप्लाय रेग्युलेटेड नाही, साधा ट्रान्सफॉर्मर. २३० चे १९० झाले तर पावर जवळजवळ एक तृतीयांश खाली. ऐकायला भयानक वाटतं पण डीबीत ते दीडच्या थोडं वर आहे, पब्लिकला कळतही नाही. उलट रेग्युलेटेड मशीन १९० ला पावर तेवढीच ठेवायला बघतं आणि त्यासाठी करंट जास्त ओढतं, करंट वाढला की लांब वायरवर व्होल्टेज अजून पडतं, आणि मग जनरेटरचा एमसीबी पडतो. त्यामुळं खराब लाइटवर जुनं जड मशीन गपगुमान कमी वाजत राहतं, बंद पडत नाही, आणि मिरवणुकीत बंद न पडणं यालाच मी भरवशाचं म्हणतो. फक्त चालू करताना एकेक करून चालू करा. चार मशीनचे ट्रान्सफॉर्मर एकदम उठवले की मेन ट्रिप मारतो आणि सगळे तुमच्याकडं बघतात.

दुसरं क्राउन एक्सएलएस २५०२. याचं वजन पाच किलोच्या आसपास, एका हातात येतं, क्लास डी, आतच क्रॉसओव्हर (बेस आणि टॉप वेगळे करणारा), पुढं डिस्प्ले, पीक लिमिटर. आकडे ८ ओमला ४४०, ४ ला ७७५, २ ला १२००, आणि ब्रिज करून, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र जोडून, ८ ओमला १५५०, ४ ओमला २४००. दुकानदार तुम्हाला शेवटचा २४०० चाच आकडा सांगणार. पण ब्रिजमध्ये ४ ओम लावला की आतल्या प्रत्येक बाजूला २ ओम दिसतो, म्हणजे मशीन अगदी काठावर चाललंय. मी ते ८ ओमला ब्रिज करून एकेका सिंगल अठराला लावतो, १५५० वॅट, हॉलच्या कामाला सुंदर. लॉनवर रिसेप्शन असेल, ऑर्केस्ट्रा असेल, भाषण असेल, याच्याइतकं सुटसुटीत काही नाही, पोरगं एकटं जाऊन लावून येतं. आतला क्रॉसओव्हर ८०-९० हर्ट्झला ठेवला तर बाहेरचं काही लागतही नाही.

पण मिरवणुकीला डबल अठरा लावून पाच-सहा तास? नाही. हे मशीन त्या कामासाठी बनलेलंच नाही आणि त्यात त्याचा काही दोष नाही. मी कधी ट्रॉलीवर चढवलेलं नाही आणि चढवणार पण नाही. आणि बिघडलं तर याचा बोर्ड बारीक, सगळे पार्ट चिकटवलेले, आपल्याकडं ते उघडून बसणारे हात कमी, बोर्डच बदलायला लागतो. म्हणून हे घेताना बिल आणि वॉरंटीचं कार्ड पक्कं घ्या, नगावर पैसे वाचवायला कच्च्या बिलावर घेऊ नका.

तिसरा प्रकार म्हणजे सगळ्यांचा लाडका, कॉपी. लॅब ग्रुपेन ही स्वीडनची कंपनी, त्यांचं एफपी १०००० क्यू नावाचं मशीन खरंच भारी होतं, चार चॅनल, ८ ओमला १३००, ४ ओमला २१००, २ ओमला २५००, आणि सगळं मिळून दोन यू आणि १२ किलो. त्याची हुबेहूब दिसणारी चायना मशीन आता इतक्या नावांनी मिळतात की मूळ कुठलं हे नवीन पोरांना माहीतच नाही. चौदा हजार, वीस हजार, जे पाहिजे ते पुढच्या पत्र्यावर छापून मिळतं. मी पण एक घेतलं होतं, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पत्रा बदलला की नाव बदलतं.

वाजायला कसं आहे? खरं सांगायचं तर टॉपला आणि मिडला झकास. चार चॅनल एका डब्यात, वजन काही नाही, स्वच्छ आवाज, त्या कामाला मी अजून वापरतो. प्रश्न बेसचा. साधा हिशोब करा, ४ ओमला चार चॅनल गुणिले २१०० म्हणजे ८४०० वॅट झाले. तुम्ही ते मशीन १६ अँपिअरच्या पिनेवर लावलंय, २३० गुणिले १६ म्हणजे ३६८० व्हीए (वॅटच समजा). ३६८० आत जाताहेत आणि ८४०० बाहेर येताहेत, असं सतत कसं होईल? संगीत सलग नसतं, ठोके-ठोके असतं, म्हणून खऱ्या मशीनला सुद्धा हे जमतं कारण सप्लाय मधल्या मोकळ्या वेळात भरून घेतो. पण बेस धरला की मोकळा वेळ नाही, आणि कॉपीवाले जिथं पैसे वाचवतात ते तिथंच, आतल्या कॅपॅसिटरमध्ये आणि हीटसिंकमध्ये, कारण ते गिऱ्हाइकाला दिसत नाहीत.

हे नुसतं बोलून पटत नाही म्हणून आम्ही मोजलं. माझा रिपेरिंगवाला, त्याला सगळे अण्णाच म्हणतात, त्यानं गीझरच्या चार कॉईल आणल्या, ३ किलोवॅटच्या. एका ३ किलोवॅटच्या कॉईलचा रेझिस्टन्स साडेसतरा ओमच्या थोडा वर येतो, चार पॅरलल केल्या की ४.४ ओम, म्हणजे बिनआवाजाचा डबल अठराच झाला की. प्लास्टिकच्या पिंपात पाणी भरून त्यात सोडल्या, अँपचा आउटपुट कॉईलला, मोबाइलवरून ५० हर्ट्झची साइन वेव्ह इनपुटला, आणि आउटपुटवर मल्टिमीटर एसीला. ५० हर्ट्झलाच का, तर साधा मल्टिमीटर त्याच फ्रिक्वेन्सीला बरोबर दाखवतो. व्होल्टचा वर्ग करायचा, ४.४ नं भागायचं, आला वॅट. पाण्यात हात घालायचा नाही आणि अर्थिंग लावायची हे सांगायला नको, तरी सांगतो.

कॉपी मशीनचं एकच चॅनल चालू, बाकी तीन बंद. व्हॉल्यूम चढवला तसा काटा नव्वदीवर गेला, म्हणजे अठराशेच्या वर, मी म्हटलं बघा अण्णा, देतंय की. अण्णा म्हणाला, "थांब की बे, हात नको काढू." चार-पाच सेकंदात बहात्तर. त्याच्यावर परत चढेना. बहात्तरचे होतात पावणेबाराशे. एका चॅनलला. चारही चालवले असते तर काय झालं असतं ते अण्णानं करूच दिलं नाही. "तुला दुकान जाळायचंय का माझं?" म्हणाला. मग त्याच पिंपावर आरएमएक्स लावलं, तेही एकच चॅनल, पंच्याऐंशीच्या आसपास गेलं आणि पंख्याचा आवाज वाढला, पण काटा हलला नाही. कंपनीनं ४ ओमला १८०० लिहिलंय त्याचे व्होल्ट काढले तर ८५ च येतात.

तर कॉपी वाईट आहे असं मी म्हणत नाही. चौदा हजाराचं मशीन म्हणून घेतलं तर फसलात, चॅनलला हजार-बाराशेचं चार चॅनलचं मशीन म्हणून घेतलं आणि तेवढंच चालवलं तर पैसे वसूल. फक्त ते बिघडताना कसं बिघडतं ते बघा. स्वस्त मशीनमध्ये डीसी प्रोटेक्शन नावालाच असतं, आउटपुटचा मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) शॉर्ट झाला की सप्लायचा डीसी सरळ कॉईलवर. बी अँड सी कंपनीचा १८ टीबीएक्स १०० स्पीकर असला, १२०० वॅटचा, तरी डीसीपुढं कुणाचं चालत नाही, कोन एका बाजूला जाऊन चिकटतो आणि धूर. मशीनमध्ये वाचवलेले पैसे दोन स्पीकरच्या रिकोनला (कोन-कॉईल बदलायला) जातात.

देशी मशीनबद्दल थोडक्यात. आपल्याकडं बनणारी जड मशीन बरीच आहेत आणि ४ ओमला प्रामाणिकपणे चालवली तर वर्षानुवर्षं चालतात. दुरुस्ती सोपी, बऱ्याच जणांत आउटपुटला ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरचीच जोडी असते, कुणीही बदलून देतो. भानगड अशी की बाजारात ५२०० चे डुप्लिकेट सुळसुळाट आहेत, वरून छापील नाव सेम, आत चिप चिमणीच्या डोळ्याएवढी. दुरुस्त केलेलं मशीन आठवड्यात परत उडालं तर आधी ट्रान्झिस्टर कुठून आणला ते विचारा.

आता ऊन आणि गुलाल, कारण सोलापुरात अँप मारणारे खरे हे दोघंच.

गेल्या सीझननंतर एक मशीन अण्णाकडं उघडलं, माझं नाही, एका मित्राचं. झाकण काढलं तर आत हीटसिंकच्या पात्यांमध्ये गुलाल गच्च बसलेला, वर तेलकट धूळ, त्यात चमकी कागदाचे तुकडे, पंख्याची पाती एका बाजूनं जाड झालेली. पावसाची सर येऊन गेली होती म्हणे मिरवणुकीत, त्यामुळं गुलाल ओला होऊन वाळला आणि त्याची वडी झाली. ब्लोअरनं निघेना, शेवटी दात घासायचा ब्रश आणि थिनर. त्या पात्यांमधून हवा जाणारच कुठून? मशीन तापणार, प्रोटेक्शनला जाणार, आणि मित्र सांगत होता "वर्षातच दम गेला याचा".

याला उपाय फुकट आहे. हवा जिथून आत जाते तिथं पातळ फोम लावायचा, जो धुता येतो, आणि मिरवणूक संपली की दुसऱ्या दिवशी तो धुवायचा. पण हवा कुठून आत जाते हे आधी बघा! आरएमएक्स मागून हवा घेतं आणि पुढून गरम फेकतं. एक्सएलएस पुढून घेतं आणि मागं फेकतं. दोघं एका रॅकमध्ये वर-खाली बसवले तर एकाची गरम वाफ दुसऱ्याच्या नाकात. आणि मंडळाची कार्यकर्ते मंडळी येऊन रॅकच्या पुढं अध्यक्षांचा फ्लेक्स ताणून बांधतात, दिसायला बरं दिसतं म्हणून. पुढून फेकणाऱ्या मशीनला तो फ्लेक्स म्हणजे तोंडावर उशी. मी आता ऑर्डर घेतानाच सांगतो, फ्लेक्स ट्रॉलीला कुठं पण बांधा, रॅकला नाही. एक दोघं रागावले. रागावू द्या.

मे महिन्यात दुपारी लॉनवर काम असेल तर रॅक मांडवात सावलीला ठेवा एवढंच, ४३ डिग्रीत पत्रा उन्हात तापला की मशीन चालू करायच्या आधीच निम्मं तापलेलं असतं.

जनरेटरचं काय सांगू. तीन फेज जनरेटरवर तुम्ही मशीन वेगवेगळ्या फेजवर वाटता आणि सगळ्यांचा न्युट्रल एक. तो न्युट्रल ढिला झाला किंवा निघाला, आणि ट्रॉली खड्ड्यातून जाते तेव्हा तो निघतोच, की एका फेजवर व्होल्टेज चारशेकडं पळतं आणि दुसरीवर पडतं. ज्या फेजवर लोड कमी तिथलं मशीन आधी जातं, म्हणून बऱ्याचदा बेस वाचतो आणि मिक्सर, लॅपटॉपचा चार्जर, टॉपचं हलकं मशीन फटाफट उडतात. एसएमपीएसवाली (ट्रान्सफॉर्मरऐवजी हलका इलेक्ट्रॉनिक सप्लाय असलेली) मशीन यात पहिल्या सेकंदाला मरतात. रॅकच्या मेनला ओव्हर व्होल्टेज कट-ऑफ बसवा, फार महाग वस्तू नाही, आणि जनरेटरवाल्याला न विचारता न्युट्रलचा नट स्वतः पान्यानं तपासा. जनरेटरवाला म्हणेल "फिट आहे दादा". तरी तपासा.

केबल. या विषयावर लोक सगळ्यात कमी पैसे घालतात. अडीच एमएमची केबल २० मीटर टाकली की जाऊन-येऊन ४० मीटर तांबं, पावणेतीन दशांश ओम. ४ ओमच्या बॉक्सला अर्धा डीबी आणि थोडं वर गेलं, चालतं. तेच दोन बॉक्स पॅरलल करून २ ओमला त्याच केबलवर लावले तर एक डीबीच्या वर नुसती केबल तापवायला, आणि अँपची कोनवरची पकड सुटते, बेस ढगळ वाजतो. चार एमएम टाका, किंवा सोपं म्हणजे रॅक बेसच्या शेजारी ठेवा आणि लांब केबल सिग्नलची न्या. सिग्नलची केबल बॅलन्स्ड (एक्सएलआर पिनेची) असली तर लांब गेल्यानं काही बिघडत नाही.

लिमिटर-प्रोसेसरवर जास्त लिहीत नाही. जे काही वापरता त्यात बेसला खाली ३०-३५ आणि वर ८०-१०० हर्ट्झला कट, आणि लिमिटर क्लिपचा लाल दिवा लागायच्या जरा आधी पकडेल असा. आणि प्रोसेसरला कुलूप लावा, ऑपरेटर पोरगं अकरा वाजता जोशात येतं. तसं म्हटलं तर रात्री दहानंतर वाजवायचंच नाहीये, नियम २००० सालापासून आहे, बारापर्यंतची सूट सरकार वर्षातले ठरावीकच दिवस देतं. ज्येष्ठ मंडळी, दवाखाने, लहान पोरं, हे सगळं आपल्याच गल्लीत असतं. बेस स्वच्छ असला तर कमी आवाजात पण पब्लिक नाचतं हे मी बघितलंय, फाटका बेस असला की मग मंडळ म्हणतं "वाढव, वाढव".

शेवटी दुकानांबद्दल. बेसचं मशीन घ्यायला लोक पुण्यात तपकीर गल्लीत जातात, हैदराबादला कोठीत गुजराती गल्लीत जातात, मुंबईला लॅमिंग्टन रोडला जातात, भाव थोडा कमी मिळतो हे खरं. पण मी आता सोलापुरातच घेतो, दुकानाचं नाव टाकत नाही, जाहिरात वाटेल. नग बाहेरच्यापेक्षा थोडा महाग पडला तरी मशीन बिघडल्यावर शेठ सीझनला दुसरं मशीन वापरायला देतो, "घेऊन जा, नंतर बघू" म्हणतो. बाहेरच्या एका दुकानानं मला वॉरंटीत असलेलं मशीन पाठवा म्हणून सांगितलं, कुरिअर माझ्या खर्चानं, आणि मग गणपती होऊन नवरात्र आलं तरी फोनवर "बोर्ड येतोय साहेब". त्या मशीनमध्ये जेवढे वाचवले होते त्याच्या कितीतरी पट दुसऱ्याकडून भाड्यानं मशीन आणण्यात गेले.

सेकंडहँड घेणार असाल, आणि आरएमएक्ससारखं जुनं जड मशीन आता बहुतेक सेकंडहँडच घ्यावं लागतं, तर विकणाऱ्याच्या गोडाऊनवर आवाज ऐकून भुलू नका. झाकण उघडायला लावा. नाही म्हणाला तर निघून या. आत गुलाल किती, कॅपॅसिटरची डोकी फुगलीत का, आउटपुटचे ट्रान्झिस्टर सगळे एका बनावटीचे आहेत का मध्येच दोन-तीन चकाकणारे नवीन, बोर्ड कुठं काळा पडलाय का. मग इनपुट काढून, व्हॉल्यूम शून्यावर, आउटपुटवर मीटर डीसीला लावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर बरं, त्याच्या वर असेल तर भाव पाडा, अर्धा व्होल्ट दिसला तर उचलूच नका. आणि दोन्ही चॅनल खऱ्या लोडवर अर्धा तास चालवून बघा, नुसतं पाच मिनिटांचं गाणं नाही. गीझरच्या कॉईल अण्णाकडं आहेत, पिंप पण आहे, मशीन तुम्ही उचलून आणायचं.